गजूची ट्रॉली परत करताना

शेगावला माणसं दर्शनाला जातात. गेल्या महिन्यात मी तिथे एक संध्याकाळ आणि एक सकाळ काढली, ती मात्र ट्रॉलीचे मागचे दिवे दुरुस्त करून घेण्यात. गॅरेजच्या दारातून देवळाचा कळस दिसत होता, पण तिकडे पाय वळले नाहीत. परतल्यापासून हे लिहून काढावं असं मनात आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात मुद्दाम फिरायला कोणी जात नाही, तेव्हा वाचणाऱ्याला रस्ता तरी कळेल. माझं मन हलकं होईल की नाही, ते माहीत नाही.

ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची अजस्र नव्हे. जीपमागे जोडायची, दोन चाकांची, लोखंडी पट्ट्यांची लहानशी. माझा धाकटा भाऊ गजानन, आमचा गजू, याने ती स्वतःच्या हाताने बनवली होती. गाव वरवट बकाल. आमच्याकडे जमिनीतलं पाणी खारं, म्हणून गजू शुद्ध केलेल्या पाण्याचे जार घरोघर पोचवायचा, त्याच ट्रॉलीतून. आठ वर्षांपूर्वी मी संभाजीनगरात सरकारी क्वार्टर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा सामान हलवायला ती आठ दिवसांसाठी मागितली. तो स्वतः आणून देऊन गेला. ती मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच राहिली.

गजूने तीनदा फोन केला. "पुढच्या महिन्यात आणतो," असं मी तिन्ही वेळा म्हणालो. चौथा फोन आला नाही. तो भाड्याचा टेम्पो घेऊन धंदा करू लागला, असं कानावर आलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ट्रॉलीशिवाय गावी जायचं कोणत्या तोंडाने, आणि माझ्या जुन्या गाडीला हूक नसताना ट्रॉली न्यायची कशी, या दोन प्रश्नांत मी आठ वर्षं घालवली. मधल्या काळात त्याच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं तो खामगावला डायलिसिसला जात होता आणि मी फोनवर तब्येतीची चौकशी करत होतो.

मग एका शनिवारी सुनंदाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"दादा, हे आता डायलिसिसले जात नाही म्हनते. पुरे झालं म्हनते. डॉक्टर म्हने, मंग आठ-धा दिवस समजा."

माझ्या मुलाने नुकतीच नवी गाडी घेतली होती. रविवारी तिला हूक बसवून घेतला, ट्रॉलीची चाकं बदलली आणि एका रंगाऱ्याला बोलावून ती चकाचक निळी रंगवून घेतली. एकही कोपरा सोडू नकोस म्हणून मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. आठ वर्षांची शरम दोन डबे रंगात झाकायची होती मला.

सोमवार. धाड, बुलढाणा

कुणाचं भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. शेजारणीची वाटी परत जाते तीही चिमूटभर साखर घेऊन. माझी बायको शैला म्हणाली, मग ट्रॉली रिकामी कशी न्यायची? तिने पहाटे मंडईतून मोसंबीची चार पोती आणून ट्रॉलीत टाकली. आजारी माणसाला मोसंबीचा रस चांगला, असं तिचं म्हणणं आणि माझंही. किडनीच्या माणसाला मोसंबी वर्ज्य असते, हे आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं चौकशी केली म्हणालो ना, ती अशी होती.

सिल्लोड, भोकरदन मागे टाकून धाड आलं की बुलढाणा जिल्हा लागतो. तिथे चहाला थांबलो तर मागून आलेला एक मोटरसायकलवाला काचेशी येऊन म्हणाला, "काका, तुमी डावीकडं वळले, पण मागं तं सारेच दिवे मिचमिच करून राह्यले. मले समजेच ना, वळता का थांबता."

मी उतरून पाहिलं. डावा इंडिकेटर लावला की ट्रॉलीचे दोन्ही बाजूंचे सगळे दिवे मंद, आजाऱ्यासारखे लुकलुकत. ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटे आणि ब्रेकचा दिवा विझे. हूक बसवणाऱ्याने रविवारी भर उन्हात "लागतात, लागतात" म्हटलं होतं आणि मीही मान डोलावली होती.

बुलढाणा उंचावर आहे. दुपारीसुद्धा तिथली हवा थंड लागते, आणि कोर्टकचेरीची माणसं झाडाखाली निवांत उभी असतात. एरवी मी तिथे रेंगाळलो असतो. त्या दिवशी एका गॅरेजवाल्याने सगळे बल्ब बदलले, होल्डर पुसले, एक फ्यूज बदलला. फरक शून्य. उलट त्याने कुठली तरी वायर कुठे तरी टेकवली आणि गाडीच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली की मागचे दिवे तपासा. त्यानंतर ट्रॉलीचेच काय, गाडीचे स्वतःचेही मागचे दिवे बंद पडले. गॅरेजवाला पडद्याकडे पाहून म्हणाला, "हे आपलं काम नाही साहेब. शेगावले हनीफभाई आहे, त्याच्याकडं जा."

दिवस हातात होता म्हणून बोथ्याच्या घाटाने उतरलो. जंगल पानगळीला आलेलं, सागाची वाळलेली मोठाली पानं रस्त्यावर सरकत होती. खिडकीतून हात बाहेर काढून वळणाचे इशारे करत, लहानपणी सायकलवर करायचो तसे, मी खाली आलो. घाट संपला की हवा एकदम तापते आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. ती दिसली की मला घर जवळ आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी गाडीचा वेग कमी केला.

सोमवार संध्याकाळ. शेगाव

हनीफभाई साठीचे, बारीक, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी आधी मला बसवलं, कचोरी मागवली आणि मी ती संपवेपर्यंत गाडीला हात लावला नाही. आमच्याकडे गॅरेजवाला गिऱ्हाइकाला बाजूला व्हायला सांगतो. इथे आधी खाऊ घालतात आणि मग चुका दाखवतात.

"पहले हे सांगा, हूकवाल्यानं वायर कुठून काढली?"

गाडीच्याच मागच्या दिव्यांना जोड मारून काढली होती. हनीफभाईंनी कपाळाला हात लावला.

"जुनी जीप असती तं चाललं असतं. तिले काय, दोन बल्ब आन् चार बल्ब सारखेच. या नव्या गाडीले डोकं आहे. किती करंट गेला ते मोजते. जास्ती गेला की तिले वाटते कुठं तरी वायर जळून राह्यली, आन् ती लाइनच बंद करते. चूक तिची नाही. तिनं सोताले वाचवलं."

त्यांचा इलाज असा होता: ट्रॉलीसाठी बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी लाइन आणायची, मध्ये रिले बसवायचे. गाडीच्या वायरीने रिलेला नुसती खूण करायची, दिव्यांचं ओझं बॅटरीने उचलायचं. म्हणजे गाडीला कळायचंच नाही की मागे कोणी जोडलेलं आहे. रिले खामगावहून मागवावे लागणार होते, ते सकाळी येणार.

"पण तुमी सांगता तसे दिवे एकमेकांत मिसळतात, ते याच्यानं नाही," ते म्हणाले. "ते दुसरंच दुखणं आहे." टेस्ट लॅम्प घेऊन ते ट्रॉलीखाली गेले. अर्धा तास गेला. मी गजूला फोन लावला, पोचायला उशीर होतोय हे सांगायला. सुनंदाने त्याच्या कानाला फोन धरला.

"दादा? काऊन थांबला?"

आवाज ओळखू येईना इतका उतरलेला. मी दिव्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "डावी साइड देली की सारेच मिचमिच करते? आन् ब्रेक मारला की साइड लागते?"

"हाव."

"अर्थ तुटला तिचा. मिस्त्रीले दे फोन."

मी फोन ट्रॉलीखाली दिला. त्यानंतर ते दोघं, एकमेकांचं तोंड कधी न पाहिलेले, दहा-बारा मिनिटं बोलत होते. अर्थिंगची काळी वायर, डाव्या पट्टीच्या आतला बोल्ट, खाली तांब्याचा वायसर. हनीफभाई मधूनच "हां, बराबर," "वा मिस्त्री," असं म्हणत होते. शेवटी त्यांनी पाना मागितला, बोल्ट उघडला आणि कानशीने घासायला लागले. निळा रंग भुग्यासारखा खाली पडत होता.

बाहेर येऊन त्यांनी मला बोट दाखवलं. "साहेब, ज्यानं ही बनवली त्यानं इथं जागा साफ सोडली होती. लोखंडाले लोखंड लागलं पाह्यजे म्हनून. वर ग्रीस लावून ठेवली होती. तुमी बोल्ट खोलून त्याच्या खालीबी रंग मारला, आन् हूकच्या गोळ्यालेबी मारला. करंट जाते, पण वापस यायले त्याले रस्ता नाही. मंग तो दुसऱ्याच्या घरातून निघते. रंग लय मारला तुमी."

गजूने हाताने राखलेली ती जागा मी पैसे देऊन बुजवली होती.

फोन अजून चालू होता. गजू म्हणत होता, "झालं का? लागला अर्थ?"

"लागला गजू. पण रिले सकाळी येणार. गाडीचे मागचे दिवे बंद आहेत."

"मंग अंधारात ट्रॉली आणू नको. तू ये."

सुनंदाने फोन घेतला. "दादा, चार दिवसांत आज इतके बोलले," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हनीफभाईंनी सगळं ऐकलं होतं. टॉवेलला हात पुसत ते म्हणाले, "चला, मी मोटरसायकलवर सोडतो तुमाले. ट्रॉली राहू द्या इथं, सकाळी मी घेऊन येतो तुमची गाडी. भाऊ बोलून राह्यला तं बोलून घ्या."

मी नको म्हणालो. आठ वर्षांनी जायचं आणि तेही हात हलवत, हे मला जमेना. ट्रॉली घेऊनच दारात उभं राहायचं होतं. गजू म्हणाला होता 'तू ये', आणि मी ऐकलं होतं 'ट्रॉली आणू नको'. मी लॉजवर खोली घेतली. शेगावला खोली लगेच मिळते, चादरी स्वच्छ असतात, पहाटे काकड्याचा आवाज येतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी गेलं तर सोय उत्तम आहे. मला झोप आली नाही, आणि ती संध्याकाळ मी माझ्या हाताने घालवली याचं दुःख मला जन्मभर पुरेल.

मंगळवार. वरवट बकाल

रिले बसले. हनीफभाईंनी आधी गाडीची बॅटरी सोडवून ठेवली होती. "दहा मिनिट झोपू द्या तिले, राग जाते तिचा," असं म्हणाले. बॅटरी परत जोडल्यावर पडद्यावरची लाल अक्षरं गेली. डावा लावला की डावाच, ब्रेक दाबला की दोन्ही लाल, ठणठणीत. निघताना त्यांनी माझा हात धरून म्हटलं, "मिस्त्रीले माझा सलाम सांगजा."

वरवट बकालला पाहुण्याला पाणी देण्याची एक पद्धत पडली आहे. तांब्या पुढे करताना यजमान आधी सांगतो, हे जारचं आहे. सुनंदानेही दारातच मला पाणी दिलं आणि सांगितलं, "जारचं आहे दादा." संभाजीनगरात आम्ही पाणी न सांगता पितो. मोसंबीची पोती पाहून तिने एकदा आत खाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणली ते बरं केलं. येनारे-जानारे लय आहेत." ती मोसंबी गजूला चालत नाही, हे मला दुपारी एका शेजाऱ्याकडून कळलं.

गजू खाटेवर होता. पाय सुजलेले, चेहरा पिवळा. आदल्या संध्याकाळचा तो फोनवरचा माणूस रात्रीतून कुठे तरी निघून गेला होता. शब्द तुटक येत होते, मध्येच डोळे मिटत होते. मी त्याच्याजवळ बसलो. रस्ताभर काय काय घोकलं होतं, त्यातलं एकच बाहेर पडलं.

"गजू, तू भांडला काऊन नाहीस माझ्याशी? दोन शिव्या द्यायच्या होत्यास. ट्रॉली कधीच आली असती."

त्याने डोळे उघडले. "हाव. ट्रॉली आली असती. माणसाच्या हाती पाठवली असती तू." श्वास घेऊन म्हणाला, "तू नसता आला."

मग म्हणाला, लाइट पाहायचे.

चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून अंगणात नेलं. डोक्यावर ऊन, त्यात दिवा लागला की नाही तेही कळेना. सुनंदाने घरातून जुन्या लुगड्यांची वाकळ आणली आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर टाकली. गजू खुर्चीतून पुढे वाकला, वाकळीखाली शिरला. मी गाडीत बसलो. आरशात मला त्याचे सुजलेले पाय तेवढे दिसत होते.

आतून दबलेला आवाज आला. "डावी."

मी डावी लावली.

"उजवी." मग "पार्किंग." मग "ब्रेक."

मी ब्रेक दाबून धरला. तो काही बोलेना. बाया कुजबुजायच्या थांबल्या. वाकळ हलत नव्हती. माझ्या पोटरीत गोळा आला, तरी पाय काढायची हिंमत होईना, कारण पाय काढला की त्याला अंधार होणार होता. स्टिअरिंग धरून मी पुढच्या भिंतीकडे बघत म्हणालो, चुकलं माझं गजू. काच बंद होती. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि काच खाली करायचं मला सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सोड आता. मस्त आहे." वाकळ काढली तेव्हा त्याचे डोळे पाण्याने भरलेले होते, आणि तो हसत होता. मी हनीफभाईंचा सलाम सांगितला. "मिस्त्री चांगला आहे," गजू म्हणाला. "पन तू सारीकडं रंग कायले मारला बे?"

लहानपणी तो मला असंच बे म्हणायचा आणि आईचा मार खायचा. ते त्याचं माझ्याशी शेवटचं पूर्ण वाक्य.

शुक्रवार

बुधवार-गुरुवार मी त्याच्या उशाशी बसून होतो. ओठ ओले करायला कापसाचा बोळा तेवढा चाले. सुनंदा भाकर आणि भरीत ताटात वाढून माझ्यापुढे ठेवी आणि मी खाईपर्यंत उठत नसे. शुक्रवारी उजाडता उजाडता तो गेला.

अंगणात माणसं जमली. शेजारचे रामभाऊ माझ्याजवळ आले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "दादा, लाकडं आणा लागते संग्रामपूरहून. ट्रॅक्टर सारे वावरात गेले. तुमची ट्रॉली जोडता का?"

मी ट्रॉली जोडली. सॉकेट लावलं. मोसंबीची उरलेली पोती उतरवून ओसरीवर ठेवली. आठ वर्षांनी घरी आलेल्या त्या ट्रॉलीला पहिलं काम हे मिळालं.

वखारीत लाकडं भरली. परतताना मी हळू चालवत होतो. रस्ता रिकामा होता तरी प्रत्येक वळणावर आधीपासून साइड देत होतो, ब्रेक जपून दाबत होतो. रामभाऊ मागून मोटरसायकलवर येत होते. गावाच्या अलीकडे ते बाजूला आले, काचेशी वाकले. मला धीर द्यायला काही तरी बोलायचं होतं त्यांना, आणि दुसरं काही सुचलं नसावं.

"दादा," ते म्हणाले, "मागचे लाइट सारे बराबर लागून राह्यले बरं."

मी गाडी कडेला घेतली. सहा दिवसांत रडलो नव्हतो, तो तिथे रडलो. रामभाऊ मोटरसायकल बंद करून थांबले. मग आम्ही लाकडं घेऊन घरी गेलो. घरी लोक वाट पाहत होते.